उजेडाची जागा

६ जानेवारी १९७४, रविवार

आज फिल्म सोसायटीत माझं व्याख्यान झालं. विषय माझा लाडका : माणसाच्या मनातलं पडद्यावर न बोलता कसं दिसतं. मी सांगितलं, संवाद ऐकू नका, खुर्च्या बघा. कोण बसलंय, कोण उभं आहे, दाराकडे कुणाची पाठ आहे, छत्री कुणाच्या हातात आहे. समजा, पहिल्या प्रसंगात कारकून साहेबाच्या डोक्यावर छत्री धरतो आणि शेवटच्या प्रसंगात साहेब स्वतःच छत्री धरून ट्रामची वाट बघत उभा असतो. मधल्या वेळात काय घडलं, हे मग निराळं सांगावं लागत नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या मला आवडतात, हे इथं लिहायला हरकत नाही.

नंतर नीलमणी घोषालनं गाठलं. तो जाहिरातींच्या फिल्मा काढतो, सोसायटीत माझा सगळ्यात जवळचा. म्हणाला, "दिगंबरदा, नुसतं बोलून किती दिवस काढणार? आता एक करून दाखवा." कॅमेरा त्याचा, जाहिरातींतून उरलेली कच्ची फिल्मही त्याचीच. घरी येताना ट्राममधून भवानीपूरला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. लहानशी फिल्म. एक म्हातारा आणि त्याचं घर. ते घर हळूहळू त्याच्या मुलाचं होतं, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही.

म्हातारा शोधायला नको. घरातच आहे.

९ जानेवारी, बुधवार

रात्रीची जेवणं झाल्यावर मीनाक्षीनं विचारलं, "मामंजींना सांगितलंत?"

"सांगतो."

"मी सांगू का?"

"नको. मीच सांगतो."

सॉल्ट लेकच्या घराचा गिलावा चालू आहे. चैत्रात तिकडे राहायला जायचं. घरमालक द्विजेनबाबूंना मी गेल्या महिन्यात कळवूनही टाकलं. त्यांचा मुलगा दुर्गापूरहून बायकापोरांसह परत येतोय, त्यांना वरचा मजला हवाच होता. एवढंच विनवलं की, नानांच्या कानावर घालू नका, मी सवडीनं सांगेन. द्विजेनबाबू रोज संध्याकाळी खालच्या ओट्यावर नानांशी बुद्धिबळ खेळतात, तरी त्यांनी शब्द दिला. माणूस शब्दाचा पक्का आहे.

तिकडे जमीन मिळाली तेव्हा नाना म्हणाले होते, "तुम्ही जा. मी या घरातून चौघांच्या खांद्यावरून जाईन." त्यानंतर मी मूग गिळून बसलो. पाया खणला तेव्हा सांगितलं नाही, छत घातलं तेव्हा सांगितलं नाही. माझ्या जन्माआधीपासून नाना या घरात आहेत. आई इथंच गेली. कॉलेजात पोरांना इतिहास शिकवतो, कुणी कुणाला कसं हुसकावलं ते तारीखवार सांगतो, आणि घरात बापापुढे जीभ रेटत नाही.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. मीनाक्षीनं यंदाही इथल्या नोलेन, म्हणजे खजुराच्या रसाच्या गुळाचा तिळगूळ केला. पुण्याहून आलेली माझी मावशी एकदा म्हणाली होती, याला खजुराचा वास येतो. आम्हाला याच वासाची संक्रांत ठाऊक.

नानांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि फिल्मचं सांगितलं. सॉल्ट लेकचंही आजच सांगायचं ठरवलं होतं. पण गोड बोलायचा दिवस, मी गोडच बोललो.

नानांनी तिळगूळ तोंडात टाकला. मग विचारलं, "माझं काम काय?"

"काही नाही. तुम्ही जसे आहात तसेच दिसायचं."

"म्हणजे सगळ्यांत अवघड," ते म्हणाले. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी बरीच वर्षं नाटकं केली. खलनायक त्यांच्यासारखा कुणी करू शकत नसे. आवाज अजून तसाच आहे, माझ्या फिल्ममध्ये मात्र तो लागणार नाही.

"गोष्ट काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गोष्ट अशी नाही. एका घरातले काही दिवस."

खोटं बोललो असं नाही. पण खरंही बोललो नाही. रात्री मनाची समजूत घातली की फिल्म पुरी झाली की त्या निमित्तानं विषय आपोआप निघेल. फिल्म काढण्यामागे माझा तोच हेतू होता का? तेव्हा नव्हता. आता आहे की काय, मला नीट सांगता येत नाही.

२० जानेवारी, रविवार

पहिलं चित्रण. नानांची वेताची आरामखुर्ची पुढच्या खोलीत बरोबर मधोमध, पंख्याखाली, जिन्याच्या दाराकडे तोंड करून असते. जिना चढून येणाऱ्याला आधी नाना दिसतात, मग घर. फिल्मच्या सुरुवातीला खुर्ची तिथंच ठेवून एक तुकडा घेतला. नंतर ती मागच्या कोपऱ्यात, कपाटाच्या बाजूला नेऊन दुसरा. दोन तुकडे जोडले की बघणाऱ्याला कळेल, घर कुणाचं होतं आणि आता कुणाचं आहे.

नानांना हे कसं सांगणार? मी म्हटलं, "नाना, जरा इकडे बसा. इथं उजेड चांगला पडतो."

नीलमणीनं माझ्याकडे पाहिलं. उजेड खरं तर मधोमधच चांगला होता, कपाटाजवळ त्याला दिवा लावावा लागला. नाना उठले, मी खुर्ची उचलायच्या आत त्यांनीच तिचा हात धरला आणि तिला ओढत कोपऱ्यात नेलं. फरशीवर वेताचा करकर आवाज झाला. बसल्यावर म्हणाले, "असा?"

"थोडे आणखी मागे, नाना."

ते आणखी मागे सरकले. चौकटीत इतके लहान दिसले की मला आतून आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण आनंदच झाला.

२७ जानेवारी, रविवार

आठवडाभर खुर्ची कोपऱ्यातच आहे. चित्रण संपलं तेव्हा दिवे गेले होते, घाईत राहून गेलं. मग रोज वाटलं, आज उचलून जागेवर ठेवू. नाना तिथंच बसून पेपर वाचतात. कुणी जिना चढून आलं की आधी रिकामी फरशी दिसते, आणि येणारा हाक मारतो, "बाबू आहेत का?"

आज त्यांनी नाटकांच्या सामानाची मोठी पेटी मंडळाला देऊन टाकली. पगड्या, तलवारी, दाढ्या, सगळं. मी विचारलं, एवढी घाई कशाला? म्हणाले, "जागा अडते." वय झालं की माणसाला सामानाचा कंटाळा येत असावा.

३ फेब्रुवारी, रविवार

आज फिल्मचा जीव असलेला प्रसंग घेतला. मुलाचं काम करणारा सोसायटीतला गृहस्थ गावात बंद पुकारल्यामुळे हावड्याहून येऊच शकला नाही. नीलमणी म्हणाला, तुम्हीच बसा. पाठमोराच दिसायचा आहे.

आमच्या घरी नाना पानावर बसले की पानाभोवती पाणी फिरवतात, मग उजव्या अंगाला भाताच्या चित्राहुती घालतात. ते होईपर्यंत कुणाचा हात पानाला लागत नाही. मी स्वतः यातलं काही करत नाही, जानवंही कधीच सुटलं, पण थांबतो. माझी मुलगी शैला थांबते. पंगतीला पाहुणा असला तर तोही थांबतो. सत्ता म्हणजे काय, हे दाखवायला याहून लहान आणि याहून नेमकी खूण मला सापडली नसती. नाना पाणी फिरवतील, आणि त्यांच्या चित्राहुती व्हायच्या आत मुलगा पहिला घास घेईल. बस्स.

नानांना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा मुलगा असं का करतो?"

"मुद्दाम नाही करत, नाना. त्याच्या ध्यानातही येत नाही."

"आणि बापाच्या?"

"बापाच्या येतं."

"मग तो बोलत का नाही?"

मी म्हटलं, "तुम्ही फक्त माझ्याकडे बघू नका."

"बरं," नाना म्हणाले.

मीनाक्षीनं पानं वाढली. नीलमणीनं कॅमेऱ्याला चावी दिली. नानांनी पाणी फिरवलं आणि मी वरणभाताचा घास तोंडात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घास गिळवेना. तोंडात नुसता फिरत राहिला. नीलमणी "कट" म्हणाला, आणि मला वाटलं कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला.

पुन्हा एकदा घ्यावं का, असं नीलमणीनं विचारलं. मी नको म्हटलं. नाना म्हणाले, "घे की. मी आहे."

५ फेब्रुवारी, मंगळवार

नाना आता पानावर बसले की पाणी फिरवतात आणि थांबतात. मी जेवायला लागलो की मग चित्राहुती घालतात. काल वाटलं, विसरले. आज नीट पाहिलं. विसरलेले नाहीत.

मीनाक्षी ताट उचलताना म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत." एवढंच. रागानंही नाही.

मी उद्या बोलेन. खुर्चीही जागेवर ठेवेन.

१६ फेब्रुवारी, शनिवार

लॅबमधून फिल्म धुऊन आली. नीलमणीच्या खोलीत भिंतीवर पाहिली.

जेवणाचा प्रसंग आला. पडद्यावर माझी पाठ. जाड मान, पुढे झुकलेली. अशी मान आपल्याला आहे हे माणसाला ठाऊक नसतं. माझा उजवा खांदा हलतो. म्हणजे मी घास घेतला. समोर नाना. चित्राहुतीसाठी उचललेली शितं त्यांच्या चिमटीत आहेत. हात पानाच्या कडेपर्यंत गेलेला, तिथंच थांबतो. मग ती शितं ते परत भाताच्या मुदीवर ठेवतात, अगदी हळू, दाण्याला लागू नये अशा बेतानं. आणि मग त्यांचा डावा हात पुढे येतो आणि तुपाची वाटी माझ्याकडे सरकवतो.

हे मी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी पानावर बसून मला हे दिसलंही नव्हतं. वाटी आलेली पाहिली असेन, तूप घेतलंही असेन. घरी तूप कोण सरकवतं, हे कुणी बघतं का?

"मेशोमशाय खरे नट आहेत," नीलमणी नानांबद्दल म्हणाला. "बापाला राग नाही, हे केवढं कळवलं त्या वाटीनं."

मी म्हटलं, "राग नाही असं नाही. हार मानली, असं आहे ते." आम्ही बराच वेळ वाद घातला, कुठं कापायचं, वाटीवर किती थांबायचं. मी म्हणालो, जास्त थांबायचं. तो तुकडा फिल्ममधला सर्वांत चांगला आहे. माझ्या बापाचा हात समोर भिंतीवर थांबला होता आणि मी सांगत होतो, जास्त थांबायचं. मी असा माणूस आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शैलानं सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात केली. मी तिच्यावर ओरडलो. ती चकित झाली. "बाबा, तुम्ही पण तर आगे खाल्लं होतं. आजोबांनी मनात काही केलं नाही."

तिचं मराठी हे असं, निम्मं बंगालीतून आलेलं. एरवी मी लगेच दुरुस्त करतो : 'मनात काही केलं नाही' नव्हे, 'मनाला लावून घेतलं नाही'. आज दुरुस्त करवेना. नाना म्हणाले, "जेवू दे रे तिला. शाळा आहे." आणि माझी वाट बघत बसले.

खुर्ची अजून कोपऱ्यातच आहे. मध्ये एकदा मी ती उचलून पंख्याखाली ठेवली होती. संध्याकाळी आलो तर परत कोपऱ्यात. मीनाक्षी म्हणाली, मामंजींनीच नेली.

१७ मार्च, रविवार

फिल्म दाखवली. सभागृह भरलं होतं. नानांनी धुतलेलं धोतर आणि बंद गळ्याचा कोट घातला होता, पहिल्या रांगेत बसवलं तर ऐकेनात, शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तुपाच्या वाटीचा तुकडा आला तेव्हा कुणीतरी खाकरलं. दिवे लागल्यावर लोक उठून उभे राहिले.

एका बाईंनी नानांना बंगालीत विचारलं, एवढं साधं काम तुम्ही केलंत कसं? नानांनी बंगालीतच उत्तर दिलं, "दिग्दर्शकानं सांगितलं, तसं केलं." लोक कौतुकानं हसले. मीही हसलो. मला वाटतं त्यांनी मला वाचवलं.

परतताना टॅक्सीत मी नानांच्या शेजारी बसलो. मला नुसतं एवढंच विचारायचं होतं, नाना, तुम्हाला कशी वाटली? विचारलं नाही. जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चढण्यासाठी. तो हात वर पोहोचेपर्यंत तिथंच होता.

२४ मार्च, रविवार

पाडवा. पुढच्या खिडकीत गुढी उभारली. रस्त्यावरून जाणारे दरवर्षीप्रमाणे वर बघून विचार करत होते, हे मराठी लोक काठीला साडी का नेसवतात. मला कळत होतं की या खिडकीतली ही शेवटची. नानांना कळत नाही असं मला वाटत होतं, आणि त्यांच्याच हातून मी गुढीला हार घालून घेतला. एवढा मोठा अपराध आणि वर सण. मग राहवलं नाही. कडुनिंबाची चटणी त्यांच्या हातावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. घर बांधून झालंय. पुढच्या महिन्यात जायचं. द्विजेनबाबूंना कळवलंय. मी तुम्हाला फसवलं.

नानांनी चटणी तोंडात टाकली, चावली. "द्विजेननं मला नाताळातच सांगितलं," ते म्हणाले.

"त्यांनी मला शब्द दिला होता."

"त्याचा डाव बिनसायला लागला. तीन दिवस सारखा चुकीची सोंगटी हलवत होता. मीच विचारलं, काय झालं रे."

म्हणजे संक्रांतीला तिळगूळ घेताना त्यांना ठाऊक होतं. खुर्ची ओढताना ठाऊक होतं. पेटी देताना. पानावर.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. मला वाटतं मी थोडा ओरडलोच.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," नाना म्हणाले. "मग तू फिल्म काढलीस. तुझं ते व्याख्यान मी ऐकलंय दिगू, दोनदा, मागं बसून. संवाद ऐकू नका, खुर्च्या बघा. म्हटलं, पोराला तोंडानं सांगता येत नाहीये, खुर्च्या हलवून सांगतोय. तर आपण तसं ऐकावं."

मी म्हटलं, "तसं नव्हतं, नाना." पण तसं नव्हतं, तर कसं होतं, हे मला आत्ताही लिहिता येत नाही.

दुपारी श्रीखंडाची पानं वाढली. नानांनी पाणी फिरवलं आणि हात मांडीवर ठेवला. मीही हात मांडीवर ठेवला. आज मी आधी जेवणार नव्हतो, मग काही होवो. पुऱ्या निवायला लागल्या. शैला एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मीनाक्षी पळी हातात घेऊन उभी.

"नाना, तुम्ही आधी."

"कॅमेरा नाहीये रे इथं," नाना म्हणाले. "जेव आता. पोर ताटकळलीय."

मी जेवलो. त्यांच्या चित्राहुती नंतर झाल्या. डोळ्यांतलं पाणी श्रीखंडात पडू नये म्हणून मी मान वर करून जेवत होतो, आणि नानांनी तुपाच्या वाटीसारखंच मीठ माझ्याकडे सरकवलं.

१४ एप्रिल, रविवार

काल सॉल्ट लेकला आलो. सामान एका ट्रकमध्ये मावलं. निघताना नाना द्विजेनबाबूंना "आशी" म्हणाले आणि द्विजेनबाबू "आसुन" म्हणाले. आपल्याकडेही निरोपाला 'येतो'च म्हणतात. दोघांनाही ठाऊक होतं की भवानीपूर ते इथपर्यंतच्या बस बदलून त्या वयात कुणी कुणाकडे बुद्धिबळ खेळायला जाणार नाही. द्विजेनबाबूंनी पट नानांना दिला, सोंगट्या स्वतःकडे ठेवल्या. का, ते मला समजलं नाही.

इथं सगळीकडे वाळू. झाडं अजून यायची आहेत. रात्री कोल्हे ओरडले तेव्हा शैला घाबरली, नाना तिला म्हणाले, आपणच त्यांच्या घरात आलोय.

मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. कुणाला न सांगता आदल्या दिवशी येऊन नानांची खुर्ची पुढच्या खोलीत बरोबर मधोमध ठेवली होती. पंख्याखाली, दाराकडे तोंड. उभा राहून तीन कोनांतून पाहिलं. दार उघडलं की आधी नाना दिसले पाहिजेत. मोठ्या खिडकीचा उजेड बरोबर तोंडावर येतो.

नाना आत आले. खोली पाहिली. पंखा पाहिला, खुर्ची पाहिली, मला पाहिलं. मग पुढे होऊन खुर्चीचा हात धरला आणि नव्या फरशीवरून तिला ओढत दारामागच्या कोपऱ्यात नेलं.

"नाना, मध्ये बसा ना," मी म्हटलं. "तुमच्यासाठी ठेवली होती."

"असू दे रे," ते बसत म्हणाले. "इथं उजेड चांगला पडतो."

त्या भिंतीला खिडकी नाही.